लिनक्सवर मॉनिटरचं रिझोल्यूशन बरोबर येत नाहीये? पहिल्यापासून कसं शोधायचं ते बघू

लिनक्स नवीन टाकलं, डेस्कटॉप आला, पण सगळं अवाढव्य आणि धुरकट दिसतंय, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर १०२४ × ७६८ च्या वर ऑप्शनच नाही, आणि मॉनिटर तर चांगला फुल एचडी आहे. नवीन माणसाला भरपूर छळणारा प्रॉब्लेम आहे हा. मग होतं काय, की कुठून तरी एक लांबलचक कमांड मिळते, ती टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) पेस्ट केली जाते, कधी चालते, कधी स्क्रीनच काळी होते, आणि चालली तरी रीस्टार्ट मारला की ये रे माझ्या मागल्या.

कमांड बऱ्याचदा बरोबरच असते, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते, कारण बिघाड असतो केबलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि आपण झगडत बसतो रिझोल्यूशनशी. म्हणून माझा आग्रह आहे की क्रमाने जा. आधी केबल, मग ड्रायव्हर, आणि हाताने रिझोल्यूशन घालायचं काम अगदी शेवटी. बहुतेकांना तिथपर्यंत जायची वेळच येत नाही.

एक आधीच सांगून ठेवतो, कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय पण टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीत आणि लहान अक्षरांतच टाकायच्या (कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय), आकडेसुद्धा इंग्रजीच. जिथे स्पेलिंगचा गोंधळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

कॉम्प्युटरला मॉनिटरचं रिझोल्यूशन कळतं कसं

हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं जातं. प्रत्येक मॉनिटरच्या आत एक छोटीशी मेमरी असते आणि त्यात त्याची माहिती भरलेली असते, कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, पडदा किती मिलिमीटर रुंद, कुठकुठली रिझोल्यूशन चालतात आणि त्यातलं स्वतःचं आवडतं कुठलं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, १९९४ पासून हे स्टँडर्ड आहे आणि त्याचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. चित्र ज्या केबलमधून जातं त्याच केबलमधल्या वेगळ्या तारांवरून ही माहिती ग्राफिक्स कार्डाकडे येते, कार्डाचा ड्रायव्हर ती वाचतो, कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) ती डेस्कटॉपला मिळते, आणि मग सेटिंगमधली ती यादी तयार होते.

म्हणजे यादीत तुमचं रिझोल्यूशन नाही याचा अर्थ या वाटेत कुठेतरी माहिती अडकली. माहिती मिळाली नाही की सिस्टीम धोका पत्करत नाही, कुठल्याही मॉनिटरला झेपेल असं १०२४ × ७६८ किंवा ८०० × ६०० लावून मोकळी होते. आपल्याला शोधायचंय ते माहिती कुठे अडकली एवढंच.

पायरी १: केबल आणि पोर्ट

हसू नका, पण सुरुवात इथूनच करायची. डेस्कटॉप कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असेल तर मागे दोन ठिकाणी पोर्ट असतात, वरच्या बाजूला मदरबोर्डचे आणि खाली कार्डाचे आडवे. केबल कार्डाच्या पोर्टला हवी. मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर एक तर चित्रच येत नाही नाहीतर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालतं आणि मग पुढे ड्रायव्हर तपासताना सगळाच घोटाळा होतो.

व्हीजीए केबल असेल, म्हणजे ती निळ्या टोकाची १५ पिनांची, तर पहिला संशय तिच्यावरच घ्या. ईडीआयडीची माहिती १२ आणि १५ नंबरच्या पिनेवरून येते आणि स्वस्तातल्या केबलींमध्ये या पिना कधी कधी नसतातच किंवा आतून जोडलेल्या नसतात. चित्र तर छान येतं, कारण रंगांच्या तारा वेगळ्या, त्यामुळे केबल खराब आहे असं कोणाला वाटतच नाही. तीच गत कन्व्हर्टरची, एचडीएमआयचं व्हीजीए करणारे ते छोटे डोंगल किंवा दोन कॉम्प्युटरला एकच मॉनिटर वापरायचा स्विच, यातले काही ही माहिती पुढे जाऊच देत नाहीत. तपासायचं कसं, तर मधलं सगळं काढा, मॉनिटर थेट जोडा, शक्य असेल तर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडा, आणि मॉनिटर चालू करूनच मग कॉम्प्युटर चालू करा. इथेच सुटलं तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

फोरके मॉनिटरवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. रिझोल्यूशन येतंय पण माऊस अडखळत चालल्यासारखा वाटतोय, तर रिफ्रेश रेट बघा, ३० हर्ट्झ दिसेल. एचडीएमआय १.४ वरून ३८४० × २१६० ला ३० हर्ट्झच मिळतात, ६० साठी कार्ड, केबल आणि मॉनिटर तिन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं किंवा डिस्प्लेपोर्ट १.२. आणि काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूमध्ये एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टचं व्हर्जन निवडायची सेटिंग असते, ती जुन्या व्हर्जनवर ठेवलेली असेल तर लिनक्समध्ये काहीही केलं तरी फरक पडणार नाही.

पायरी २: ड्रायव्हर खरंच चालू आहे का

आता टर्मिनल उघडा आणि ही टाका:

एलएसपीसीआय -के

(एल, एस, पी, सी, आय, मग स्पेस, मग डॅश आणि के.) भली मोठी यादी येईल, घाबरू नका, त्यात व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर असं लिहिलेली ओळ शोधा, तिथे कार्डाचं नाव दिसेल आणि त्याच्याखाली दोनतीन ओळी सोडून कर्नल ड्रायव्हर इन यूज अशी ओळ. इंटेलला तिथे आय९१५ दिसायला हवं (एकदम नवीन इंटेलला एक्सई), एएमडीला एएमडीजीपीयू किंवा जुन्या कार्डाला रेडिऑन, एनव्हिडियाला एनव्हिडिया किंवा नूव्हो. ही ओळच गायब असेल तर चोर सापडला, ड्रायव्हर लागलेलाच नाही.

दुसरी खूण म्हणजे सेटिंग्जमधलं अबाउट पान. तिथे ग्राफिक्सपुढे एलएलव्हीएमपाईप लिहिलेलं असेल तर ग्राफिक्सचं काम कार्ड करत नाहीये, प्रोसेसर ते ओढतोय.

ड्रायव्हर न लागण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे नोमोडसेट. इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडत होती म्हणून सेफ ग्राफिक्स निवडलेलं असतं किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून बूटच्या ओळीत हा शब्द घातलेला असतो, त्याने कर्नलला सांगितलं जातं की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लावू नकोस, आणि काम झाल्यावर तो शब्द काढायचा राहून जातो. मग कितीही डोकं आपटा, रिझोल्यूशन एकच मिळणार. आहे का बघायला:

कॅट /प्रॉक/सीएमडीलाईन

उत्तरात नोमोडसेट (एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी) दिसला तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाईल (ग्रब म्हणजे लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघडा, ग्रब_सीएमडीलाईन_लिनक्स ने सुरू होणाऱ्या ओळींत तो शब्द शोधा, फक्त तेवढाच काढा, बाकी अवतरणचिन्हं वगैरे आहेत तशी ठेवा, सेव्ह करा, मग उबुंटू, मिंट, डेबियनवर सुडो अपडेट-ग्रब चालवा आणि रीस्टार्ट करा. फेडोरावर हेच काम ग्रबी नावाच्या कमांडने होतं.

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात, त्यामुळे कंपनीच्या साईटवर जाऊन काही डाउनलोड करायच्या भानगडीत पडू नका, ती विंडोजची सवय आहे आणि इथे तिने उलट सिस्टीम बिघडू शकते. कार्ड अगदी नवीन असेल आणि डिस्ट्रो (उबुंटू, मिंट, फेडोरा असा तुमचा लिनक्सचा प्रकार) जुनी असेल तर कर्नल आणि लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अपडेट करा, तोच उपाय.

एनव्हिडियाला मात्र थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं. उबुंटूमध्ये अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स नावाचं अ‍ॅप आहे, मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, तिथून रेकमेंडेड लिहिलेला ड्रायव्हर निवडायचा. ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं, तरीही तेच, असं झालं तर सिक्युअर बूट चालू असण्याची दाट शक्यता आहे. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही, म्हणून उबुंटू इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतं आणि पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. बरेच जण ती स्क्रीन न वाचता कंटिन्यू दाबतात आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. चालू आहे का ते एमओकेयूटिल --एसबी-स्टेट ने कळतं.

पायरी ३: एक्सऑर्ग की वेलँड

ही पायरी सोडू नका. स्क्रीनवर चित्र काढायच्या लिनक्समध्ये दोन पद्धती आहेत, जुनी एक्सऑर्ग आणि नवी वेलँड, आणि रिझोल्यूशनच्या ज्या कमांड जिकडे तिकडे सापडतात त्यातल्या बहुतेक जुन्या पद्धतीच्या आहेत. वेलँडवर त्या टाकल्या तर एरर येते किंवा काहीच होत नाही आणि माणूस तासन् तास स्पेलिंग तपासत बसतो. टर्मिनलमध्ये:

एको $एक्सडीजी_सेशन_टाईप

इथे डॉलरनंतरची सगळी अक्षरं कॅपिटल. उत्तर एक्स११ आलं तर जुनी पद्धत, वेलँड आलं तर नवी. काही डिस्ट्रोमध्ये लॉगिन करताना पासवर्डच्या खाली कोपऱ्यात गिअरचं चिन्ह असतं तिथून बदलता येतं, उबुंटूच्या २५.१० पासून मात्र मूळ डेस्कटॉपला एक्सऑर्गचा पर्याय काढून टाकलाय.

पायरी ४: मॉनिटरची माहिती आली का

एक्सऑर्गवर असाल तर नुसतं एक्सरँडआर (एक्स, आर, ए, एन, डी, आर) टाका आणि एंटर. यातून काही बदलत नाही, फक्त माहिती येते, त्यामुळे निर्धास्त चालवा. समजा असं आलं:

एचडीएमआय-१ कनेक्टेड प्रायमरी १९२०x१०८०+०+० ५२७एमएम x २९६एमएम

म्हणजे एचडीएमआय-१ नावाच्या पोर्टला मॉनिटर लागलाय, आत्ता १९२० × १०८० चालू आहे, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे पडद्याची मोजलेली रुंदी आणि उंची. हे शेवटचे आकडे फार कामाचे आहेत, कारण ते मॉनिटरच्या आतल्या त्या मेमरीतूनच येतात. तिथे ०एमएम x ०एमएम दिसलं तर माहिती पोचलेलीच नाही असं जवळजवळ नक्की समजा (प्रोजेक्टर सोडून, त्याला पडद्याचं ठरावीक मापच नसतं). मग परत पायरी १ वर जा. त्याच्याखालच्या यादीत ज्या आकड्यापुढे फुली म्हणजे * आहे ते चालू, आणि + आहे ते मॉनिटरचं आवडतं. दोन्ही एकाच ओळीत असावेत.

आणि पोर्टच्या नावाच्या जागी नुसतं डिफॉल्ट लिहून आलं, वर गामाबद्दल एक एरर आली, तर ड्रायव्हर लागलेला नाही, पायरी २ परत करा.

वेलँडवर आणि एक्सऑर्गवर, दोन्हीकडे चालणारी तपासणी हवी असेल तर:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड*-एचडीएमआय*/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

इथे कार्ड आणि ईडीआयडी लहान अक्षरांत, एचडीएमआय मात्र कॅपिटलमध्ये, डिस्प्लेपोर्ट असेल तर त्या जागी डीपी. सिसचं स्पेलिंग एस, वाय, एस. मॉनिटर एकच असेल तर उत्तर १२८ किंवा २५६ सारखं येतं, तेवढे बाइट वाचले गेले. ० आलं तर काहीच वाचलं गेलं नाही.

माहिती पोचतेय, ड्रायव्हर पण बरोबर आहे, तरी चुकीचंच रिझोल्यूशन लागतंय असं असेल तर जुनी सेटिंग आडवी येत असते. नोम डेस्कटॉपमध्ये होम फोल्डरच्या .कॉन्फिग मधल्या मॉनिटर्स.एक्सएमएल फाईलचं नाव बदलून ठेवा, लॉगआउट होऊन परत या. तसंच /ईटीसी/एक्स११/ (इथला एक्स कॅपिटल) मध्ये एक्सऑर्ग.कॉन्फ नावाची फाईल पडलेली असेल, जुन्या कार्डाच्या वेळची, तर तिचंही नाव बदला. डिलीट करू नका, नाव बदललं की परत फिरायची वाट राहते.

पायरी ५: हाताने रिझोल्यूशन घालणं

केबल बदलता येत नाहीये, स्विच काढता येत नाही, मॉनिटर जुना आहे आणि काय चालतं ते तुम्हाला नक्की माहीत आहे, तर आणि तरच हे करा. हे एक्सऑर्गचं.

सीव्हीटी -आर १९२० १०८० ६०

(सी, व्ही, टी.) याने मोडलाईन शब्दाने सुरू होणारी एक ओळ मिळते:

"१९२०x१०८०आर" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक

त्या -आर वर माझा जोर आहे. बऱ्याच ठिकाणी तो न लावता कमांड दिलेली असते, मग पहिला आकडा १७३.०० येतो. हा आकडा म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये पिक्सेल क्लॉक, आणि सिंगल लिंक डीव्हीआय किंवा जुन्या एचडीएमआयची मर्यादा आहे १६५. म्हणजे १७३ मागितलं की ड्रायव्हर सरळ नाही म्हणतो आणि वाटतं की मॉनिटरला जमत नाहीये, तेच -आर लावून १३८.५० मागितलं की मुकाट्याने चालतं. जुन्या व्हीजीए ट्यूबवाल्या मॉनिटरला मात्र -आर लावायचा नाही.

आता तीन कमांड, एकापाठोपाठ:

एक्सरँडआर --न्यूमोड आणि पुढे मोडलाईन शब्द सोडून वरची बाकी सगळी ओळ
एक्सरँडआर --अ‍ॅडमोड व्हीजीए-१ १९२०x१०८०आर
एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १९२०x१०८०आर

१९२०x१०८०आर मधला आर कॅपिटल. व्हीजीए-१ च्या जागी पायरी ४ मध्ये तुम्हाला दिसलेलं पोर्टचं नाव, अगदी जसंच्या तसं, कारण एकाच पोर्टला एक ड्रायव्हर एचडीएमआय-१ म्हणतो, एनव्हिडियाचा एचडीएमआय-० म्हणतो आणि कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो. दुसऱ्याची कमांड पेस्ट करून न चालण्याचं हे एक मोठं कारण.

तिसरी कमांड टाकताना काळजी घ्या. सेटिंग्जमधून बदल केला तर डेस्कटॉप विचारतो की ठेवायचं का, आणि उत्तर नाही दिलं तर थोड्या वेळाने आपोआप मागे येतो, एक्सरँडआर असं काही विचारत नाही. म्हणून त्याच ओळीच्या शेवटी अर्धविराम देऊन स्लीप १५, परत अर्धविराम, आणि जुनं १०२४x७६८ लावणारी एक्सरँडआरची कमांड जोडून टाका. स्क्रीन काळी पडली तरी १५ सेकंदांत आपोआप परत येईल. चित्र नीट दिसलं तर मग शेपटाशिवाय परत चालवा. आणि हेही केलं नसेल आणि अडकलात तर रीस्टार्ट करा, एक्सरँडआरचे बदल तेवढ्या सेशनपुरतेच असतात, कायमचं काही बिघडत नाही.

१३६६ × ७६८ वाल्यांनी गोंधळून जाऊ नका, सीव्हीटी तुम्हाला १३६८ चं उत्तर देईल. त्याला रुंदी ८ ने भाग जाणारी लागते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही, बिघाड काही नाही.

कायमचं करायचं तर एक्सऑर्गवर त्या तीन ओळी होम फोल्डरमधल्या .एक्सप्रोफाईल फाईलमध्ये ठेवा, लॉगिनला आपोआप चालतात. वेलँडवर इंटेल किंवा एएमडी असेल तर मघाच्याच ग्रबच्या ओळीत व्हिडिओ=व्हीजीए-१:१९२०x१०८०एमआर@६० असं घाला (एम आणि आर कॅपिटल), ग्रब अपडेट करा, रीस्टार्ट करा, मग सेटिंगच्या यादीत ते रिझोल्यूशन यायला हवं. इथे पोर्टचं नाव कर्नलवालं, म्हणजे /सिस/क्लास/डीआरएम/ मध्ये कार्ड आणि आकड्यानंतर जे दिसतं ते.

रिझोल्यूशनसारखे वाटणारे पण वेगळे प्रॉब्लेम

अक्षरं फार बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका, कळकळीची विनंती आहे. एलसीडीच्या पडद्याला पिक्सेल ठरावीक असतात, त्यापेक्षा कमी लावलं की अक्षरं पसरतात आणि डोळे दुखतात. रिझोल्यूशन पूर्ण ठेवा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, तो पर्याय त्याच डिस्प्ले सेटिंगमध्ये असतो.

टीव्हीला जोडलंय आणि पॅनल, घड्याळ वगैरे कडेला कापलं जातंय, तर तो ओव्हरस्कॅन. टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा तत्सम नावाचा ऑप्शन चालू करा, लिनक्समध्ये काही करायला जाऊ नका.

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवताय तर वरचं बरंचसं लागूच पडत नाही, तिथे खरा मॉनिटरच नसतो. व्हर्च्युअलबॉक्सला गेस्ट अ‍ॅडिशन्स, व्हीएमवेअरला ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप, आणि व्हर्ट-मॅनेजरला स्पाईस-व्हीडीएजंट टाका, खिडकी मोठी केली की रिझोल्यूशन आपोआप बदलेल.

एवढं सगळं करून अडलंच आणि कोणाला विचारायची वेळ आली तर नुसतं "रिझोल्यूशन येत नाही" असं सांगू नका. डिस्ट्रो आणि तिचं व्हर्जन, एक्सऑर्ग की वेलँड, एलएसपीसीआय -के मधल्या ग्राफिक्स कार्डाच्या ओळी, ईडीआयडीचे बाइट किती आले तो आकडा, मॉनिटरचं मॉडेल, आणि केबल कुठली व मध्ये काही कन्व्हर्टर आहे का, हे सगळं पहिल्याच वेळी द्या. फोटोऐवजी टर्मिनलचा मजकूर कॉपी करून द्या, समोरच्याला तुमच्या पोर्टचं नाव त्यातूनच उचलून कमांड लिहून द्यायची असते.